एक आजारी, औषध साऱ्यांना : घरच्या मत्स्यपेटीतील रोग आणि उपचार

सकाळी दिवाणखान्यातील मत्स्यपेटीचा दिवा लावावा आणि संथपणे फिरणाऱ्या एंजल माशाच्या अंगावर रव्याचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके दिसावेत, हा अनुभव मासे पाळणाऱ्या बहुतेक घरांना कधी ना कधी येतो. संध्याकाळी दुकानातून निळ्या किंवा हिरव्या औषधाची छोटी बाटली आणली जाते आणि अंदाजाने काही थेंब टाकीत सोडले जातात. दोन दिवसांत एंजलच्या अंगावरचे ठिपके कमी होतात. पण तळाशी राहणारा लोच मासा मरून पडलेला असतो, गोगलगाई शिंपल्यात मिटून गेलेल्या असतात आणि कालपर्यंत ठणठणीत असलेले मासे पृष्ठभागावर येऊन धापा टाकू लागतात. औषध बनावट होते, असा निष्कर्ष मग घाईने काढला जातो.

प्रत्यक्षात औषधाने आपले काम केलेले असते, मात्र ते एका माशापुरते केलेले नसते. माणसाला दिलेली गोळी एकाच्याच पोटात जाते. माशासाठी दिलेले औषध टाकीतील प्रत्येक जीव कल्ल्यांवाटे आणि त्वचेवाटे घेतो. मासे, गोगलगाई, कोळंबी, पाणवनस्पती आणि डोळ्यांना न दिसणारे उपयुक्त जिवाणू, या सर्वांवर एकाच वेळी उपचार होत असतो. अनेक जातींचे मासे एकत्र ठेवलेल्या टाकीत म्हणूनच रोग ओळखण्याइतकेच औषध कोणाला सोसणार नाही, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

एका काचेत अनेक देश

मुंबईत १९५१ साली मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय सुरू झाले आणि काचेआडचे जलजीवन सर्वसामान्यांना जवळून पाहता आले. घरगुती मत्स्यपेट्यांचा छंद आज शहरांच्या मध्यमवर्गीय वस्त्यांत चांगलाच रुजला आहे. दुकानात रंग पाहून मासे निवडले जातात. त्यांचे मूळ पाणी कोणते, याची चौकशी क्वचितच होते.

निऑन टेट्रा आणि एंजल हे मासे अॅमेझॉनच्या खोऱ्यातले. निऑनला मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी मानवते. गप्पी आणि मॉली यांना क्षारयुक्त, जड पाणी चालते; मॉली तर खाऱ्या पाण्यातही तग धरते. टायगर बार्ब आणि क्लाऊन लोच हे सुमात्रा-बोर्निओ बेटांवरचे. गोल्डफिश हा चीनमध्ये शतकानुशतकांच्या निवडीतून घडलेला, तुलनेने थंड पाण्यातील मासा आहे. आपल्या पश्चिम घाटातील नद्यांतला, 'मिस केरळ' या नावाने विकला जाणारा डेनिसन बार्बही आता अनेक टाक्यांत दिसतो. त्याच्या प्रजातीसमूहाला २०१३ मध्ये 'सह्याद्रिया' हे नाव देण्यात आले. वाहत्या, भरपूर प्राणवायू असलेल्या पाण्याची त्याला सवय असते.

हे सारे एकाच टाकीत ठेवले म्हणजे कोणा एकाला तरी गैरसोयीचे पाणी मिळणार, हे ठरलेलेच. अशा माशावर सतत ताण राहतो, त्याची प्रतिकारशक्ती घटते आणि टाकीतील रोगजंतूंना तो पहिल्यांदा बळी पडतो. आजारी पडलेला पहिला मासा हा पुष्कळदा टाकीतील सर्वांत दुबळा नव्हे, तर सर्वांत चुकीच्या पाण्यात ठेवलेला मासा असतो.

आधी पाणी तपासा

मासा सुस्त झाला, त्याने खाणे सोडले, पर अंगाशी मिटून घेतले किंवा तो खडकांवर अंग घासू लागला, तर पहिला हात औषधाच्या बाटलीकडे जाऊ नये. तो पाणी तपासण्याच्या संचाकडे जावा. घरच्या टाकीत जंतुसंसर्गासारखी दिसणारी अनेक लक्षणे दूषित पाण्यामुळे उद्भवतात.

माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य यांतून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधील स्पंज आणि तळातील वाळूवर वाढणारे नायट्रोसोमोनाससारखे जिवाणू त्याचे नायट्राइट बनवतात, तर नायट्रोस्पिरासारखे दुसरे जिवाणू नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट बनवतात. नव्या टाकीत ही साखळी तयार होण्यास साधारण ४ ते ६ आठवडे लागतात. टाकी आणली त्याच दिवशी पंधरा-वीस मासे सोडले, तर पहिल्या काही आठवड्यांत ते एकामागून एक मरू लागतात, याचे कारण बहुधा हेच असते. चांगल्या टाकीत अमोनिया आणि नायट्राइट यांचे मोजमाप शून्य असावे. पाण्याचा सामू आणि तापमान वाढले की अमोनियाचा विषारीपणाही वाढतो.

अमोनियामुळे कल्ले लालभडक होतात. नायट्राइट रक्तातील प्राणवायू वाहण्याची क्षमता हिरावून घेते; कल्ले तपकिरी दिसू लागतात आणि पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी जंतुनाशक औषध ओतणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. २५ ते ३० टक्के पाणी बदलणे, खाद्य एक-दोन दिवस थांबवणे आणि हवेचा पंप जोरात चालवणे हाच खरा प्रथमोपचार आहे. नायट्राइट वाढलेले असल्यास दर लिटरला १ ग्रॅमपर्यंत मीठ घातल्याने लाभ होतो, कारण मिठातील क्लोराइड हे नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही.

बदलण्याचे पाणीही तपासून घ्यावे लागते. नळाच्या पाण्यात जंतुनाशक म्हणून क्लोरीन असतो. तो माशांच्या कल्ल्यांना घातक असतोच, शिवाय उपयुक्त जिवाणूही मारतो. पाणी उघड्या बादलीत हवेच्या नळीसह २४ तास ठेवल्यास क्लोरीन निघून जातो. घाई असल्यास सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात 'अँटीक्लोरीन' म्हणून मिळणारे द्रावण वापरता येते. नव्या पाण्याचे तापमान टाकीतील पाण्याइतकेच असावे. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये. टाकीतून काढलेल्या पाण्यातच तो हलका पिळून घ्यावा. वीज बराच वेळ गेल्यास बंद फिल्टरमधील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात, हेही ध्यानात ठेवायला हवे.

दिसते एक, असते दुसरेच

पाणी निर्दोष आढळले, तर मगच रोगनिदानाकडे वळावे. येथे सारखी दिसणारी लक्षणे पदोपदी फसवतात.

तोंडाभोवती कापसासारखा पांढरा थर दिसला की 'बुरशी' असे म्हटले जाते. सॅप्रोलेग्निया ही बुरशी बहुधा आधीच्या जखमेवर वाढते आणि तिचे तंतू लांब, पिंजलेल्या कापसासारखे दिसतात. पण तोंडावर आणि पाठीवर खोगिरासारखा पसरणारा करडा-पांढरा थर हा पुष्कळदा फ्लेवोबॅक्टेरियम कॉलम्नेर या जिवाणूचा असतो. बुरशीचे औषध त्यावर पुरेसे चालत नाही आणि पाणी गरम केल्यास हा रोग अधिक वेगाने पसरतो. पांढऱ्या ठिपक्यांवर उपयोगी पडणारा तापमानवाढीचा उपाय येथे मारक ठरतो.

शेपटी आणि पर झिजलेले दिसले, की ते जिवाणूंमुळे कुजत आहेत असे समजले जाते. मिश्र टाकीत मात्र आधी शेजाऱ्यांवर नजर ठेवावी. टायगर बार्बला लांब परांच्या माशांना चावे घेण्याची खोड असते. एंजल, गप्पी आणि फायटर हे त्याचे नेहमीचे बळी. कडा दातेरी आणि स्वच्छ असतील तर तो शेजाऱ्याचा प्रताप. कडा पांढुरक्या किंवा लालसर होऊन आत सरकत असतील तर संसर्ग. पहिल्या प्रकारात औषध नव्हे, भांडखोर माशाची बदली हवी.

अंगावर सोनेरी पूड भुरभुरल्यासारखी दिसली, तर तो पिसिनूडिनियम या परजीवीचा 'मखमली रोग' असू शकतो; अंधारात टॉर्चचा तिरपा प्रकाश टाकल्यास ही पूड चटकन दिसते. पोट फुगून खवले अननसाच्या सालीसारखे उभे राहणे, हा स्वतंत्र रोग नव्हे. आतील अवयव, विशेषतः मूत्रपिंडे, निकामी होत असल्याचे ते लक्षण आहे आणि त्या टप्प्यावर मासा क्वचितच वाचतो. निऑन टेट्राचा रंग चट्ट्याचट्ट्यांनी उडू लागला आणि पाठ वाकडी झाली, तर प्लिस्टोफोरा या सूक्ष्म परजीवीचा संशय घ्यावा; त्यावर खात्रीचा उपाय नाही आणि आजारी मासा तत्काळ वेगळा काढणे एवढेच हाती उरते.

उलट, काही गोष्टी रोगासारख्या दिसतात. पण रोग नसतात. गुरामी आणि फायटर अधूनमधून पृष्ठभागावर येऊन हवा घेतात, कारण त्यांच्या डोक्यात हवेतील प्राणवायू शोषणारा खास अवयव असतो. तेच टेट्रा किंवा बार्ब करू लागले, तर मात्र धोक्याची घंटा समजावी.

पांढरे ठिपके : टाकीचाच रोग

सर्वांत जास्त आढळणारा रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा. दुकानदार त्याला 'इक' म्हणतात. इक्थिओफ्थिरिअस मल्टिफिलिस या त्याच्या परजीवीचे शास्त्रीय वर्णन १८७६ साली झाले. त्याचे जीवनचक्र समजल्याशिवाय उपचार समजत नाही.

अंगावर दिसणारा ठिपका म्हणजे त्वचेच्या थराखाली बसलेला परजीवी. तेथे त्याला औषध पोचत नाही. पूर्ण वाढल्यावर तो माशाला सोडून तळाशी जातो, स्वतःभोवती कवच तयार करतो आणि त्या कवचात त्याचे विभाजन होऊन शेकडो पिले जन्मतात. ही पिले पोहत नव्या माशाचा शोध घेतात. मासा न सापडल्यास ती साधारण दोन दिवसांत मरतात. औषधाचा वार बसतो तो केवळ या पोहणाऱ्या अवस्थेवर.

यातून तीन गोष्टी निघतात. पहिली, ठिपके नाहीसे झाले म्हणजे रोग गेला असे नव्हे. परजीवी फक्त तळाशी उतरलेला असतो. उपचार तेथेच थांबवला की आठवड्याभरात दुप्पट ठिपके उमटतात. दुसरी, एकच ठिपकेवाला मासा बाहेर काढून उपयोग नाही. वाळूत पिले तयार होतच असतात, म्हणून येथे साऱ्या टाकीवर उपचार करावे लागतात. तिसरी, पाणी उबदार असेल तर हे चक्र काही दिवसांत पूर्ण होते, थंड असेल तर आठवडे घेते. म्हणून तापमान रोज एक-दोन अंशांनी वाढवत ३० अंश सेल्सिअसपर्यंत नेले जाते. त्यामुळे परजीवी लवकर उघड्यावर येतो आणि या तापमानाला त्याच्या बहुतेक वाणांची वाढही खुंटते.

पण येथेही शेजारी आडवे येतात. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो. २० अंशांना एक लिटर पाण्यात सुमारे ९.१ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना सुमारे ७.६. हवेचा पंप दुप्पट न केल्यास रोगी वाचायचा आणि धट्टाकट्टा गुदमरायचा. टाकीत गोल्डफिश असल्यास त्याला आधी दुसरीकडे हलवून तेथेच, साध्या तापमानाला, अधिक दिवस औषधोपचार करणे इष्ट. उपचार शेवटचा ठिपका गेल्यानंतरही काही दिवस, एकूण साधारण दोन आठवडे, चालू ठेवावेत.

कोणाला काय सोसत नाही

मॅलेकाइट ग्रीन हे ठिपक्यांवरचे जुने औषध. क्लाऊन लोचसारखे बारीक खवल्यांचे आणि खवलेविरहित मासे, तसेच निऑनसारखे टेट्रा यांना त्याची पूर्ण मात्रा झेपत नाही. असे मासे टाकीत असल्यास बाटलीवरील सूचना पाहून निम्म्या मात्रेने, जास्त दिवस उपचार करण्याची पद्धत आहे. हे द्रव्य माणसासाठीही हानिकारक असल्याने अनेक देशांत खाण्याच्या माशांसाठी त्याच्या वापरावर बंदी आहे. ते हाताळताना हातमोजे घालावेत.

तांबेयुक्त औषधे गोगलगाई आणि कोळंबी यांचा हमखास बळी घेतात. मऊ पाण्यात तांब्याचा विषारीपणा अधिक असतो, त्यामुळे निऑनसाठी मुद्दाम मऊ केलेल्या पाण्यात धोका वाढतो. फॉर्मालिन पाण्यातील प्राणवायू कमी करते. मेथिलीन ब्लू अंड्यांवरील बुरशीला उपयुक्त. परंतु ते फिल्टरमधील जिवाणू आणि वनस्पती यांना मारक आहे, म्हणून ते मुख्य टाकीत वापरूच नये. टेट्रासायक्लिनसारखी प्रतिजैविके जड पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियमशी बांधली जाऊन निष्प्रभ होतात. नेमके निदान न करता ती ओतत राहिल्यास औषधाला दाद न देणारे जिवाणू मात्र वाढीस लागतात.

खडे मीठ हा स्वस्त आणि बहुगुणी उपाय असला, तरी तो सर्वांसाठी सारखा नाही. मॉली आणि गप्पी दर लिटरला १ ते २ ग्रॅम मीठ सहज सोसतात. कोरीडोरस, लोच आणि नाजूक पाणवनस्पती यांना तेवढे मीठही जाचक ठरू शकते. मीठ आधी वेगळ्या भांड्यात विरघळवून, दिवसभरात थोडे-थोडे घालावे. पाणी आटले तरी मीठ टाकीतच राहते. म्हणून आटलेल्या पाण्याची भर घालताना पुन्हा मीठ घालू नये, केवळ बदललेल्या पाण्यापुरतेच घालावे.

मात्रा ठरवताना टाकीचे माप अंदाजाने धरणे ही सर्रास होणारी चूक आहे. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि सव्वा फूट उंच टाकीचे आकारमान अडीच घनफूट, म्हणजे सुमारे ७० लिटर भरते. त्यातून वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केल्यास प्रत्यक्ष पाणी ६० लिटरच्या आसपास उरते. औषध या ६० लिटरच्या हिशेबाने द्यायचे. उपचारापूर्वी फिल्टरमधील कोळसा काढून ठेवावा, अन्यथा तो औषध शोषून घेतो. उपचार संपल्यावर मात्र उरलेले औषध काढण्यासाठी तोच पुन्हा घालावा. दोन औषधे एकत्र करू नयेत.

उपचार-टाकी हवीच

जखम, कुजणारे पर, बुरशी, फुगलेले पोट असे आजार एका-दोन माशांपुरते असतात. त्यांच्यासाठी २० ते ४० लिटरची साधी वेगळी टाकी ठेवणे हा सर्वांत शहाणपणाचा खर्च होय. तिच्यात वाळू नको, वनस्पती नको. स्पंज फिल्टर, हीटर, थर्मामीटर आणि लपण्यासाठी मातीची फुटकी कुंडी किंवा प्लॅस्टिकच्या नळीचा तुकडा एवढे पुरे. एक जादा स्पंज मुख्य टाकीच्या फिल्टरमध्ये नेहमी ठेवला, तर गरजेच्या वेळी जिवाणूंनी भरलेला स्पंज तयार मिळतो. औषधाने ते जिवाणू घटतात, म्हणून उपचार-टाकीचे पाव ते एकतृतीयांश पाणी रोज बदलावे आणि बदललेल्या पाण्यापुरती औषधाची भर घालावी. उपचारानंतर तो स्पंज पुन्हा मुख्य टाकीत नेऊ नये. जाळी आणि बादलीही वेगळी हवी.

हीच टाकी नव्या माशांसाठी विलगीकरणाची खोली ठरते. क्रॉफर्ड मार्केटमधून असो की घराजवळच्या दुकानातून, आणलेला प्रत्येक मासा दोन ते चार आठवडे येथे ठेवून मगच मुख्य टाकीत सोडावा. जुन्या, स्थिर टाकीत रोग शिरतो तो बहुतेक वेळा नव्या पाहुण्याबरोबर.

माणसाची काळजी, माशाचा शेवट

माशांना होणारा मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूचा संसर्ग हातावरील जखमेतून माणसालाही होऊ शकतो. त्वचेवर लवकर न भरणाऱ्या गाठी येतात. हाताला काप गेला असेल तर उघड्या हाताने टाकी साफ करू नये, तोंडाने नळी ओढून पाणी काढू नये आणि अशी गाठ आल्यास डॉक्टरांना मत्स्यपेटीविषयी आवर्जून सांगावे.

सारे उपाय थकले, तर माशाला जिवंतपणी गटारात सोडणे किंवा बर्फात ठेवणे हे क्रौर्य होय. लवंगेच्या तेलातील युजेनॉल हे माशांवर भुलीचे काम करते आणि पुरेशा मात्रेत वेदनारहित शेवट देते. हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने करावे. नको झालेला मासा नदी-तलावात 'मुक्त' करणे तर त्याहून घातक. काच साफ करण्यासाठी आणलेला दक्षिण अमेरिकेतील सकर मासा भारतातील अनेक नद्या-तलावांत असाच पसरला असून स्थानिक माशांच्या मुळावर उठला आहे.

टाकीतील मासा मेला, की घरावरचे संकट त्याने स्वतःवर घेतले, असे मानण्याची समजूत अनेक कुटुंबांत आहे. तिच्यात मेलेल्या जिवाविषयी कृतज्ञता असेलही. पण त्या समजुतीच्या आड त्याच्या मृत्यूचे कारण तपासायचे राहून जाते आणि त्याच पाण्यात दुसऱ्या दिवशी नवा मासा सोडला जातो. माशाला आपले पाणी निवडता येत नाही, ते बदलूनही घेता येत नाही. तो काम त्याच्या पालकाचे. म्हणून मासा मेल्यावर नवा आणण्याआधी पाणी तपासावे, उरलेल्यांवर आठवडाभर लक्ष ठेवावे आणि कोणते औषध किती दिले याची तारखेसह नोंद ठेवावी. पुढच्या वेळी पांढरा ठिपका दिसेल, तेव्हा बाटलीच्या आधी ही वहीच उपयोगी पडेल.